नात्याचा रकाना

बँकेच्या शाखेत मृत खातेदारांच्या दाव्यांचे टेबल बहुधा मागच्या बाजूला, रोखपालाच्या खिडकीपासून दूर असते, आणि त्यामागे सहानुभूतीपेक्षा सोयीचा विचार अधिक असतो, कारण या टेबलासमोर बसलेला माणूस पाच मिनिटांत उठत नाही. ‘दावा’ हा शब्द येथे कोर्टकचेरीच्या अर्थाने येत नाही. निधन पावलेल्या खातेदाराच्या नावावरील रक्कम नामनिर्देशित व्यक्तीने किंवा वारसांनी मागणे, बँकेने कागदपत्रे पडताळून ती देणे आणि खाते बंद करणे, एवढाच त्याचा व्याप. कागदपत्रे पूर्ण असतील तर पंधरा दिवसांत दावा निकाली काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. या पंधरा दिवसांत माणूस कागदोपत्री टप्प्याटप्प्याने संपत जातो: आधी खात्यातून पैसे काढणे थांबते, मग एटीएम कार्ड रद्द होते, संगणकावर नावापुढे ‘मयत’ अशी खूण पडते, आणि शेवटी शिल्लक शून्यावर येते.

मराठवाड्यातील जिल्ह्याच्या ठिकाणी एका शाखेत हे टेबल अनेक वर्षे सांभाळणाऱ्या एका महिला अधिकाऱ्याच्या अनुभवाचा येथे विचार करायचा आहे. तिच्या हातून गेलेल्या दाव्यांपैकी बरेच आयांच्या खात्यांचे होते, आणि त्यांतला एक दावा तिच्या मैत्रिणीचा होता. ही मैत्रीण त्याच शाखेतून निवृत्त झालेली, एका मुलीची आणि एका मुलाची आई, आणि या टेबलावर अधिकाऱ्याच्या आधी बसणारी कर्मचारी होती. म्हणजे जिच्याकडून काम शिकायचे तिच्याच नावाची फाइल त्या कामाच्या रीतीने उघडण्याची वेळ आली, आणि तेव्हा त्या रीतीत काय बसते आणि काय बसत नाही हे अधिकाऱ्याला जसे दिसले तसे आधीच्या शेकडो फाइलींत दिसले नव्हते.

कामाचा कायदेशीर पाया थोडक्यात सांगितला पाहिजे. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यात १९८३ साली झालेल्या दुरुस्तीने ठेवींवर नामनिर्देशनाची, म्हणजे आपल्या पश्चात बँकेने रक्कम कोणाच्या हाती द्यावी हे लिहून ठेवण्याची, सोय झाली, आणि १९८५ च्या नियमांनी त्यासाठी ‘डीए-१’ हा नमुना ठरवून दिला. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्यावर चार जणांपर्यंत नावे देता येतात. त्याआधी ठेवीसाठी एकच नाव देता येत असे. मात्र नामनिर्देशित व्यक्ती ही रकमेची मालक होत नाही, ती वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने वेगवेगळ्या निकालांत स्पष्ट केलेली असली तरी घराघरांत ती अजून पोहोचलेली नाही, आणि ‘आईने माझं नाव लावलंय म्हणजे पैसे माझे’ या वाक्याने टेबलासमोर भावंडांत जी शांतता पसरते ती या कामातील प्रत्येकाच्या ओळखीची असते.

कागद मागण्याची एक रीत असते आणि ती कोणत्याही परिपत्रकात लिहिलेली नसते. मृत्यूची नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार एकवीस दिवसांत व्हायची असते, आणि दाखला हातात आल्यावरच नातेवाईक बँकेत येतात, म्हणून पुष्कळदा दिवस-वार उरकलेले असतात. तरीही ‘दाखला आणलाय का?’ हा प्रश्न पहिला विचारला तर समोरचा माणूस गोंधळतो, पिशवीतले सगळे कागद टेबलावर ओततो, आणि त्यात आईचे आधार कार्ड, चष्म्याची पावती, दवाखान्याचे बिल असे काहीबाही निघते. ‘आधी पाणी, मग दाखला,’ असे ती मैत्रीण नव्या कर्मचाऱ्यांना सांगत असे. दुसरे ती असे सांगत असे की लोक गेलेल्या माणसाबद्दल वर्तमानकाळात बोलतात, ‘आईचं खातं आहे इथे’, ‘आईला पेन्शन येते’, आणि कर्मचाऱ्याने ते वाक्य भूतकाळात फिरवून परत देऊ नये. अर्जात भूतकाळ येतोच, तो तोंडाने आणण्याची घाई कशाला. या शिकवणीला व्याकरणाची म्हणून एक सूक्ष्म जाण होती, असे म्हणायला हरकत नाही.

आयांच्या खात्यांचा एक स्वभाव असतो, तोही तिनेच दाखवून दिलेला. वडिलांच्या खात्यात बहुधा मोठ्या आणि थोड्या नोंदी असतात. आईच्या पासबुकात लहान लहान रकमा वर्षानुवर्षे जमा होत राहतात, आणि त्यांतल्या कित्येक कुठून आल्या हे घरात कोणालाच सांगता येत नाही. पासबुक उलटताना मुलांचे कुतूहल वाढत जाते. दर महिन्याला दोनशे रुपये भरणारी ही बाई कोण, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेला अधिकाऱ्याने अनेकदा पाहिला आहे. मृत्यूच्या तारखेनंतर एटीएममधून काढलेल्या रकमाही काही पासबुकांत दिसतात. त्या बहुधा दवाखान्याच्या नाहीतर अंत्यविधीच्या खर्चासाठी मुलांनीच काढलेल्या असतात, नियमाला त्या धरून नसतात, आणि त्याबद्दल विचारताना आवाज किती खाली ठेवायचा हे शिकायला वर्षे जातात.

मैत्रीण निवृत्त झाल्यावर तिचे बँकेशी नाते पेन्शनदाराचे झाले. पेन्शनदाराला दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत असे आपणच लिहून देण्याचा हा प्रकार आता बोटाच्या ठशावर, घरबसल्याही होऊ शकतो, पण ती तो द्यायला प्रत्यक्ष येत असे, अधिकाऱ्याच्या टेबलासमोर बसून फॉर्म भरत असे आणि ‘अजून आहे बरं का मी, लिहून घे,’ असे दरवर्षी म्हणत असे. दोघींची ओळख १९८८ पासूनची. अधिकारी तेव्हा कारकून म्हणून नव्याने रुजू झालेली, मैत्रीण तिच्याहून तीन वर्षांनी जुनी आणि अजून अविवाहित होती. पुढच्या वर्षी तिचे लग्न होऊन शाखेतल्या हजेरीपटावर तिचे नाव बदलले तरी अधिकारी तिला शेवटपर्यंत माहेरच्याच नावाने हाक मारत राहिली. शाखेत ती एकटीच तसे करत असे.

तिचे निधन ऑगस्टमध्ये, थोड्या दिवसांच्या आजारानंतर झाले. सप्टेंबरमध्ये मुलगी पुण्याहून कागद घेऊन आली. पती आधीच वारलेले, मुलगा परदेशात. रिवाजाप्रमाणे पाणी दिले गेले आणि मग दाखला पाहिला गेला; जिने ही रीत घालून दिली तिच्याच मुलीपुढे पेला ठेवताना अधिकाऱ्याच्या हाताला काय वाटले असेल हे वेगळे सांगायला नको. बचत खात्यावर आणि अलीकडच्या ठेवींवर मुलीचे नामनिर्देशन होते, त्यामुळे ते दावे सरळ होते. मृत्यूनंतरच्या दिवसांचे जे निवृत्तिवेतन महिनाअखेरीस जमा झाले होते ते नियमाप्रमाणे परत घ्यावे लागले, आणि त्याचा हिशेब अधिकाऱ्याने स्वतः दोनदा तपासला, कारण मैत्रीण असती तर तिनेही दोनदा तपासला असता.

अडचण एका जुन्या मुदत ठेवीची होती. ही ठेव १९८७ सालची, नोकरी लागल्यानंतरच्या पहिल्या बचतीतून केलेली आणि दर मुदतीअखेर पुन्हा गुंतवत आणलेली. पुढे संगणकात खातेदाराचे नाव बदलले गेले होते, पण नामनिर्देशन पहिलेच राहिले होते, आणि ते होते तिच्या आईच्या नावाने. आई केव्हाच वारलेली. नामनिर्देशित व्यक्ती खातेदाराच्या आधी गेली तर ते नामनिर्देशन निरुपयोगी ठरते आणि रक्कम वारसांना द्यावी लागते, ही गोष्ट मैत्रिणीने शेकडो ग्राहकांना समजावून सांगितलेली. ‘नॉमिनी हयात आहे ना, बघून घ्या,’ हे तिचे रोजचे वाक्य. तिच्या स्वतःच्या ठेवीवर मात्र ते करायचे राहून गेले, की तिने मुद्दामच ते नाव काढले नाही, हे कोणत्याही कागदावरून कळण्यासारखे नाही. हा विसर नव्हता, असे अधिकाऱ्याचे मत आहे. पण दावा निकाली काढण्यासाठी मताचा उपयोग नसतो, आणि ठेव वारसांच्या मार्गाने, म्हणजे मुलाचे परदेशातून साक्षांकित होऊन आलेले ना-हरकतपत्र, नुकसानभरपाईचा बंधपत्र-करार आणि प्रतिज्ञापत्र या वाटेने न्यावी लागली.

त्या ठेवीच्या मूळ अर्जाला नमुना स्वाक्षरीचे पत्रक, म्हणजे खातेदाराची सही पडताळण्यासाठी बँकेने जपून ठेवलेले कार्ड, जोडलेले होते. त्यावर दोन सह्या होत्या. वरची माहेरच्या नावाची, मोठ्या वेलांटीची, शेवटी एक उगाचच लांब ओढलेली रेघ असलेली, आणि तिच्यावर लाल शाईची तिरपी काट. खालची सासरच्या नावाची, आटोपशीर, रेघ नसलेली. मुलीने वरची सही कधी पाहिलेली नव्हती. प्रगतिपुस्तकांवर, रजेच्या अर्जांवर, शाळेच्या सहलीच्या संमतिपत्रांवर तिने आईची जी सही पाहिली ती खालची, आणि अधिकाऱ्याच्या मनात असलेली सही वरची. दोघीही एकाच बाईबद्दल बोलत होत्या आणि दोघींना ती निरनिराळ्या नावांनी माहीत होती. मुलीने विचारले, ‘आई अशी सही करायची?’ आणि दाव्याच्या कामाशी काहीही संबंध नसलेले एक संभाषण त्या टेबलावर पाऊण तास चालले, ज्यात सायकलवरून शाखेत येणारी, दिवसअखेरीस पाच पैशांचा फरक सापडेपर्यंत घरी न जाणारी, मॅनेजरच्या तोंडावर ‘हे चूक आहे साहेब’ म्हणणारी एक तरुण मुलगी मुलीला पहिल्यांदाच भेटली. पंधरा दिवसांच्या मुदतीत तो पाऊण तास कुठे धरायचा, हा प्रश्न गमतीचा असला तरी अगदीच पोकळ नाही.

कायद्याला नाती कळतात, पण त्याची नात्यांची यादी त्याच्या क्रमाने चालते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातील पंधराव्या कलमानुसार मृत्युपत्र न करता निधन पावलेल्या हिंदू स्त्रीची मालमत्ता प्रथम मुलगे, मुली आणि पती यांच्याकडे जाते. ते कोणी नसतील तर पतीच्या वारसांकडे. आणि त्यानंतर कुठे तिच्या स्वतःच्या आईवडिलांचा क्रम लागतो. आईवडिलांकडून वारशाने आलेल्या मालमत्तेला अपवाद आहे, पण पगारातून केलेली ठेव त्या अपवादात बसत नाही. पुरुषाच्या बाबतीत त्याची आई पहिल्या वर्गाची वारस असते, ही तुलना येथे नोंदवणे भाग आहे. म्हणजे १९८७ साली एका नोकरदार मुलीने आपल्या पश्चात पैसे ज्या आईच्या हाती जावेत असे लिहून दिले, ती आई मुलीच्या लग्नानंतर कायद्याच्या रांगेत सासरच्या मंडळींच्याही मागे जाऊन उभी राहिली होती. मैत्रीण तर या रांगेत कुठेच नसते. मृत्युपत्राने कोणालाही काही देता येते हे खरे, पण मैत्रिणीला काही द्यावे म्हणून कोण मृत्युपत्र करते?

धर्मशास्त्राच्या बाजूनेही फारसे वेगळे चित्र दिसत नाही. सुतक, म्हणजे मृत्यूमुळे पाळायचा अशौचाचा काळ, रक्ताच्या आणि कुळाच्या जवळिकीवर मोजला जातो. घरच्यांना दहा दिवस, लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या मुलीला आईवडिलांसाठी रूढीने तीन. तेहतीस-चौतीस वर्षे शेजारच्या टेबलावर बसून एका डब्यातून जेवलेल्या बाईसाठी कोणी रजा मागितली तरी लोक हसतील. एक जागा मात्र जुन्या लोकांनी ठेवलेली आहे: भाद्रपदातील महालय श्राद्धात ज्यांना पिंड द्यायचे त्या लांबलचक यादीत सासू-सासरे, गुरू, शिष्य यांच्या जोडीने मित्रांनाही स्थान आहे. त्या यादीत नातेवाइकांनंतर का होईना, मैत्री मोजली गेली. ज्या कायद्याच्या आधारे बँक चालते त्याला हे सुचलेले नाही.

तरीही मैत्रिणीला फाइलमध्ये येण्याची एक वाट निघाली, आणि ती अशा ठिकाणी की जिथे कोणी शोधले नसते. नामनिर्देशन नसलेल्या दाव्यांत बँका बहुधा आणखी एक निवेदन मागतात. मृत व्यक्तीला आणि तिच्या कुटुंबाला चांगले ओळखणाऱ्या, पण दाव्यात कोणताही हितसंबंध नसलेल्या बाहेरच्या माणसाने लिहून द्यायचे की अर्जात दिलेले वारस हेच खरे वारस आहेत, दुसरे कोणी नाहीत. मुलीने हे निवेदन अधिकाऱ्याने द्यावे असे सुचवले. दावा ज्या टेबलावर तपासला जातो तिथल्याच व्यक्तीने साक्ष देणे योग्य नव्हते, म्हणून फाइल दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपवण्यात आली आणि अधिकारी टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत, ग्राहकाच्या जागी, बसली. त्या सहकाऱ्याने तिच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. निवेदनातील ‘मृत व्यक्तीशी नाते’ या रकान्यात काय लिहायचे यावर थोडी चर्चा झाली. ‘मैत्रीण’ लिहिल्यास हितसंबंध निघतो की काय अशी शंका सहकाऱ्याने अगदी गंभीरपणे काढली, आणि अखेर ‘परिचित’ असे लिहिले गेले. किती वर्षांचा परिचय, या पुढच्या रकान्यात अधिकाऱ्याने वर्ष घातले, आणि खाली छापील मजकूर होता: मला या दाव्याच्या रकमेत कोणताही हितसंबंध नाही. तिने सही केली. छापील मजकूर अक्षरशः खरा होता. तिला त्या रकमेतले काही नको होते.

दावा मुदतीत निकाली निघाला. राहिली भिशी.

भिशी म्हणजे ओळखीच्या माणसांनी, महाराष्ट्रात बहुधा बायकांनी, दर महिन्याला ठरावीक रक्कम एकत्र करून चिठ्ठी टाकायची आणि जिचे नाव निघेल तिने त्या महिन्याची सगळी रक्कम उचलायची, अशी परस्परविश्वासाची बचत. सगळ्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या की फेरी संपते. या भिशीत शाखेतल्या आजी-माजी बायका आणि त्यांच्या शेजारणी मिळून बाराजणी होत्या, हप्ता हजार रुपयांचा, फेरी दर एप्रिलला सुरू होई, आणि वही ती मैत्रीण ठेवत असे. नोंदणी नाही, करार नाही, नामनिर्देशनाचा नमुना नाही. सबंध आयुष्य बँकेत घालवलेल्या बायका आपले काही पैसे अशा व्यवहारात ठेवत होत्या की ज्याची पावतीही मिळत नाही, यात विसंगती आहे खरी, पण ती त्यांना कधी खटकली नाही. मैत्रिणीचे पाच हप्ते भरून झाले होते आणि तिची चिठ्ठी अजून डब्यातच होती. चिठ्ठी आधी निघाली असती तर उरलेले हप्ते ही तिची देणी ठरली असती. निघाली नव्हती म्हणून पाच हजार ही तिची येणी होती. तिला वगळून फेरी अकराजणींची करावी आणि पाच हजार मुलीला द्यावेत, हा सरळ हिशेब. कोणालाच तो करावासा वाटला नाही. अधिकाऱ्याने वही आपल्याकडे घेतली, तिचे उरलेले हप्ते स्वतः भरायला सुरुवात केली, आणि चिठ्ठी डब्यात तशीच ठेवली गेली. वहीतील ऑगस्टपर्यंतचे अक्षर एका हाताचे आणि पुढचे दुसऱ्या हाताचे आहे, पाचव्या ओळीतील नाव मात्र तेच, आणि ते माहेरचे.

जानेवारीत ती चिठ्ठी निघाली. मुलीला बोलावून बारा हजार तिच्यापुढे ठेवले तेव्हा ती म्हणाली की यातले पाचच आईचे आहेत. बँकेचा दावा रुपया-पैशापर्यंत तपासून घेतलेल्या मुलीने येथेही हिशेब मागावा हे तिच्या आईच्या वळणाला धरूनच होते. बायकांनी तिला सांगितले की भिशीत पाच हजार अशी रक्कमच नसते, असते ती पूर्ण भिशी. कुठे सही करायची, असे तिने विचारले. वहीत सहीचा रकाना नव्हता. बराच वेळ पैसे टेबलावर तसेच होते, चहा झाला, आणि मग तिने ते उचलले, पण एका अटीवर.

त्या अटीप्रमाणे एप्रिलपासूनच्या नव्या वहीतही पाचवी ओळ त्याच नावाची आहे. हप्ता पुण्याहून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अधिकाऱ्याच्या खात्यात फोनवरून येतो. अशा व्यवहारात पैसे पाठवणाऱ्याला दोन-तीन शब्दांची टीप लिहिता येते, ती खातेउताऱ्यात छापली जाते आणि बँकेतले कोणी ती वाचत नाही. अधिकाऱ्याच्या उताऱ्यावर वीजबिल आणि किराणा यांच्यामध्ये दर महिन्याला रोमन अक्षरांत लिहिलेले असते: आईची भिशी.